मधला स्पीकर

धाकट्या भावानं मागच्या खोलीत होम थिएटर करायचं ठरवलं, तेव्हा पडदा, प्रोजेक्टर, खुर्च्या, भिंतींचा रंग हे सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं मिळून निवडलं. डावा आणि उजवा असे दोन उंच स्पीकरही आणून ठेवले. मधला मात्र मुद्दाम बाकी ठेवला. पडद्याखाली मधोमध जो आडवा स्पीकर असतो ना, त्यातूनच सिनेमातली माणसं बोलतात. तो चुकला की बाकी सगळं असून नसल्यासारखं. "मधला दादा निवडणार," असं धाकटा भेटेल त्याला सांगत होता.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, वय त्रेसष्ट. आयुष्यभर डबिंगच्या स्टुडिओत साउंड इंजिनियर. त्या धंद्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. एकदा काचेपलीकडं उभ्या असलेल्या नटीला त्यानं थांबवून मनगटावरचं घड्याळ काढायला लावलं होतं, कारण तिच्या संवादामागं त्याला टिकटिक ऐकू येत होती. बाकी कुणालाच येत नव्हती. रेकॉर्डिंग मोठं करून ऐकलं तर खरंच होती. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की शेवटी शेवटी ती न पाहिलेले लोकही पाहिल्यासारखी सांगायचे.

ते कान आता राहिले नव्हते. निवृत्त होण्याच्या बऱ्याच आधीपासून वरचे, बारीक आवाज त्याच्यापासून एकेक करून निघून गेले होते. आधी वॉशिंग मशीनची शिट्टी गेली. मग सकाळी खिडकीबाहेर पाखरं असायची ती गेली; त्याला वाटलं, हल्ली पाखरंच कमी झालीत. मग माणसांच्या बोलण्यातले स, श, च पुसट झाले. सात म्हटलं की आठ, हे कळायला तो ओठांकडं बघायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडं गेला नव्हता. झाकली मूठ त्यानं इतकी वर्षं झाकून ठेवली होती की ती उघडायची सवयच बोटांना उरली नव्हती.

त्यामुळं धाकट्याला नाही म्हणायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर चार वर्षांत कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं. धाकट्यानं विचारलं तेही त्याच्या दोन मित्रांसमोर, खांद्यावर हात ठेवून. "या माणसाचे कान म्हणजे काय सांगू तुम्हाला," असं म्हणत त्यानं घड्याळाची गोष्ट सुरू केली, आणि कानसेननं नेहमीसारखं मान खाली घालून हसून घेतलं. शनिवारी दुकानात जायचं ठरलं.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. ऐकवायची खोली वेगळी, जाड पडद्यांची, मध्ये एक लांब सोफा. ते बसले आणि एक बाई हातात कागदाचं पॅड घेऊन आत आली. पस्तिशीची असेल. केस आखूड कापलेले, छातीवर दुकानाचा बिल्ला. ती दारातच थबकली.

"सर," ती म्हणाली.

कानसेननं तिला आवाजावरून ओळखलं नाही, चेहऱ्यावरून ओळखलं. स्टुडिओत तिला सगळे पेन्सिल म्हणायचे, कारण तेव्हाच्या लांब केसांचा बुचडा बांधून त्यात ती पेन्सिल खोचून ठेवायची आणि मग दिवसभर शोधत बसायची.

"तुम्ही ओळखता दादाला?" धाकट्यानं विचारलं.

"दोन वर्षं सरांच्या हाताखाली होते."

"मग काय, घरचंच माणूस निघालं," धाकटा खूश होऊन म्हणाला. "यांच्या हाताखाली शिकलात म्हणजे तुम्हाला काही सांगायलाच नको."

"हो, बरंच शिकले," ती म्हणाली, आणि वायरी जोडायला वळली.

झालं होतं ते असं. सात वर्षांपूर्वी स्टुडिओला एका मोठ्या मालिकेचं काम मिळालं होतं, चाळीस भागांचं. कानसेन मिक्सिंग करायचा आणि पेन्सिल शेजारी बसून फाइली लावायची. तिसऱ्या भागाला तिनं हळूच सांगितलं, "सर, स जरा टोचतोय." त्यानं लक्ष दिलं नाही. पाचव्या भागाला तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझे कान अजून कच्चे आहेत. टोचतोय की स्वच्छ आहे, हे कळायला दहा वर्षं लागतात." त्याला तर आवाज अजून गढूळच वाटत होता आणि तो वरचे, बारीक आवाज आणखी चढवत होता. अकरा भाग गेल्यावर वाहिनीनं सगळं काम परत पाठवलं. संवाद कानात सुया टोचल्यासारखे येतात, प्रेक्षकांच्या तक्रारी आहेत, असं पत्रात होतं. मालकानं दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कानसेन म्हणाला, मी मिक्स करून गेलो की फायनल फाइली ही काढते, मध्ये हिनं काहीतरी हात लावला असणार. एवढंच बोलला. मालकानं विचारलं, लावला का? ती म्हणाली, नाही. मग मालक एकदा तिच्याकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत राहिला. एका बाजूला घड्याळाची टिकटिक ऐकणारा माणूस, दुसऱ्या बाजूला दोन वर्षं काम केलेली पोरगी. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही.

नंतर कानसेननं तिच्या जागी आलेल्या माणसाला कधी कच्चा म्हटलं नाही. उलट प्रत्येक मिक्सनंतर तो विचारायचा, "तुला काय वाटतं? सांग, लाजू नकोस." लोकांना वाटलं, वयानं माणूस मऊ झाला. तो खरं तर उसन्या कानांनी काम करत होता. अशीच तीन वर्षं काढून तो मानानं निवृत्त झाला.

आता ती त्याच्यासमोर तीन आडवे स्पीकर मांडून उभी होती. त्यांवर अ, ब आणि क अशा चिठ्ठ्या लावलेल्या. डाव्या-उजव्या बाजूला धाकट्याच्या घरी होते तेच उंच स्पीकर तिनं लावून ठेवले होते.

"आधी एकच आवाज डावीकडून उजवीकडं नेते," ती धाकट्याला म्हणाली. "मधून जाताना तो बदलला नाही पाहिजे. माणूस चालत गेला आणि मध्येच त्याचं तोंड बदललं, असं व्हायला नको. मग संवाद ऐकवते."

संवादाचा प्रसंग साधा होता. दोन बायका टेबलाशी बसून बोलतात आणि दारातून एक माणूस हळू आवाजात काहीतरी विचारतो. अ लावला. धाकटा म्हणाला, डब्यातून आल्यासारखं वाटतंय. कानसेननं मान डोलवली. ब लावला. कानसेनला वाटलं, या बायकांनी तोंडावर पांघरूण घेतलंय. एक म्हणाली 'किती' आणि दुसरी म्हणाली 'तीन' की 'चीन', त्याला लागेना. धाकटा मात्र पुढं वाकून ऐकत होता. "हा छान वाटतोय की," तो म्हणाला.

मग क लागला. आणि कानसेनला त्या बायकांचा शब्द न शब्द कळला. दारातल्या माणसानं 'सासूबाईंचं सामान पोचलं का' असं विचारलं, त्यातला प्रत्येक स त्याला वेगळा ऐकू आला. कित्येक वर्षांत कुणाचं बोलणं ओठ न बघता त्याला असं कळलं नव्हतं.

"हा," तो म्हणाला. "क."

"सर, याचा वरचा आवाज उठलेला आहे," पेन्सिल म्हणाली. "दहा मिनिटं बरं वाटतं. डाव्या-उजव्याशी जमणार नाही. माझं मत ब ला आहे."

"क."

"पुन्हा एकदा लावू? मोठा केला की टोचतो, ऐका."

"गरज नाही."

धाकट्याकडं न बघता तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "सर, नक्की? घरी खोली लहान असली की आणखी बोचेल."

तिला कळलंय, हे त्याला कळलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं माहीत असणं होतं, आणि तेच त्याला सहन झालं नाही. "सात वर्षं झाली," तो हसत म्हणाला, "तरी तुला बोचणं आणि स्वच्छ असणं यातला फरक कळत नाही. म्हणून विकायला बसलीस."

धाकटा मोठ्यानं हसला. दादाचा हा तिखटपणा त्याला लहानपणापासून आवडायचा. पेन्सिलनं पॅडवर काहीतरी लिहिलं आणि पॅड कानसेनपुढं धरलं. "इथं सही लागेल. ऐकवणीचा कागद असतो." त्यानं चष्मा न काढता सही केली. पूर्वी कराराच्या कागदांवर करायचा तशी, लांब शेपटीची.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे धाकट्याच्या घरी जमले. धाकटा, त्याची बायको, तिची चौऱ्याहत्तर वर्षांची आई, कानसेन आणि त्याची बायको. सिनेमा कुठलासा कौटुंबिक होता. कानसेनला सगळं कळत होतं. तो पहिल्यांदाच विनोदावर इतरांच्या आधी हसला. त्याची बायको त्याच्याकडं बघत राहिली.

अर्ध्या तासानं धाकट्याची बायको उठून मागं जाऊन बसली. मग तिच्या आईनं पदर कानावरून घेतला. "ही बाई बोलते की फुसफुसते?" म्हातारी म्हणाली. "प्रत्येक वाक्याला सापासारखं सू-सू करतीय."

"आई, नवीन आहे. बसेल जागेवर," धाकटा म्हणाला.

"जागेवर बसेल तोवर माझे कान उठतील."

धाकट्यानं आवाज कमी केला. तरी तेच. त्याची बायको सरळ माणूस होती, तिनं सरळच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला हे टोचत नाही?"

"स्पष्टपणा आहे तो," कानसेन म्हणाला. "आपल्याला गढूळ ऐकायची सवय झालीय."

कानसेन सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? आठवडाभर धाकट्यानं स्पीकर वर कर, खाली कर, समोर जाड कापड लाव, गालिचा बदल, असे सगळे उद्योग केले. त्याची बायको म्हणाली, मला त्या खोलीत बसलं की डोकं दुखतं, तुम्ही बघत बसा तुमचा सिनेमा. इतक्या हौसेनं केलेल्या खोलीत धाकटा एकटा बसू लागला.

दुसऱ्या रविवारी त्यानं सगळ्यांना पुन्हा बसवलं. आज सिनेमा नाही, म्हणाला, आज परीक्षा. मोबाइलमधून तो एक आवाज वाजवणार होता, जाड्यापासून बारीक होत जाणारा. "ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. बंद झालं की खाली. खोलीचा दोष आहे की स्पीकरचा, ते कळेल."

नको म्हणायला कानसेनला काही कारण सापडेना. तो पहिल्या रांगेत बसला होता. मागचे त्याला दिसत नव्हते. शेजारी फक्त म्हातारी होती. त्यानं ठरवलं, हिच्या हाताकडं बघायचं. चौऱ्याहत्तरीची बाई, हिचा हात खाली जाईल तेव्हा आपण आणखी चार सेकंद ठेवू.

आवाज सुरू झाला. जाडा, मग मधला, मग शिट्टीसारखा. मग कानसेनपुरती खोली शांत झाली. म्हातारीचा हात वरच होता. त्यानंही ठेवला. म्हातारीचा हात अजून वर. त्यानं चेहऱ्यावर मन लावून ऐकत असल्याचा भाव आणला, डोळे किंचित मिटले, जसे स्टुडिओत मिटायचा.

"दादा," धाकटा म्हणाला.

कानसेननं बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं.

"दादा, बंद केलंय मी. केव्हाच."

त्यानं वळून पाहिलं. मागं सगळ्यांचे हात मांडीवर होते. म्हातारीच्या बुचड्यातली पिन निसटली होती आणि ती मघापासून हात वर करून ती खोचत होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. धाकट्यानं मोबाइल खिशात टाकला आणि चहाचं काय, असं बायकोला विचारलं. तिनं लगेच उठून चहा केला. सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागले, मोठ्यानं, शब्द सुटे करून. माणसं आजाऱ्याशी बोलतात तसं. कानसेनला कळलं की इथून पुढं ते त्याच्याशी असंच बोलतील.

निघताना धाकटा फाटकापर्यंत आला. "उद्या दुकानात जाऊन बदलून आणू," म्हणाला. "त्या बाईनंच नीट ऐकवलं नसणार. दुकानाच्या खोलीत काहीही चांगलं वाटतं."

कानसेन म्हणाला, "हं."

वाटेत त्यानं बरंच काही ठरवलं. उद्या आपण आधी बोलायचं. धाकट्याला तोंड उघडू द्यायचं नाही. तिनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, एवढं म्हणायचं. दोन वाक्यं. त्याला ती दोन वाक्यं पाठ झाली.

दुकानात शिरल्या शिरल्या धाकट्यानं काउंटरवर खोकं ठेवलं आणि मालकालाच बोलवा म्हणाला. मालक आला, पेन्सिलही आतून आली.

"माझ्या भावानं चाळीस वर्षं या धंद्यात काढली," धाकटा म्हणाला. "अशा माणसाकडून चूक होत नाही. तुमच्या बाईंनी ऐकवतानाच गडबड केली. आवाज कमीजास्त ठेवला असेल, वायर उलटी लावली असेल. घरी कुणाला बसवत नाही त्या खोलीत."

तो हे प्रेमानं बोलत होता. दादाची काल गेलेली अब्रू आज परत आणायला आला होता. कानसेनला ते दिसत होतं, आणि ती दोन वाक्यं आतच राहिली. मालक पेन्सिलकडं वळला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण गिऱ्हाईकासमोर मालक जसा वळतो तसाच वळला. "काय झालं होतं?"

पेन्सिलनं कानसेनकडं पाहिलं. चांगलं पाच-सहा सेकंद पाहिलं. त्याला बोलायला पुरेल इतका तो वेळ होता, हे त्याला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. त्यानं खोक्यावरचं छापील लिखाण वाचायला घेतलं.

मग ती आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. त्यातला एक कागद काढून तिनं मालकाच्या नव्हे, धाकट्याच्या हातात दिला.

धाकट्यानं तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "ऐकवलेले तीन. शिफारस, ब. ग्राहकाची निवड, क. क चा वरचा आवाज टोचण्याची शक्यता ग्राहकाला तीन वेळा सांगितली. पुन्हा ऐकण्यास ग्राहकानं नकार दिला..." इथपर्यंत वाचून त्याचा आवाज बारीक होत गेला. खाली लांब शेपटीची सही होती. ती त्यानं लहानपणापासून पाहिलेली होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी दादाच करायचा.

"प्रत्येक गिऱ्हाईकाचा असा कागद करता?" धाकट्यानं विचारलं.

"हो. इथं लागले तेव्हा मीच सुरू केला," ती म्हणाली. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो."

धाकटा दादाकडं वळला. "काय म्हणतायत या?"

आणि तरीही कानसेन जे बोलला ते असं होतं: "जुनी गोष्ट आहे. स्टुडिओत थोडा गैरसमज झाला होता."

पेन्सिल हसली. त्या हसण्याचा आवाज झाला असेल तर तो त्याच्या कानापर्यंत आला नाही. "ब आहे स्टॉकमध्ये," ती मालकाला म्हणाली. "बदलून देते." तिनं खोकं उघडून क तपासला, कुठं ओरखडा नाही ना ते पाहिलं, नवं खोकं आणलं, कागद केला. या वेळी सही धाकट्याकडून घेतली.

बाहेर पडायच्या आधी धाकटा गाडी काढायला गेला, तेव्हा कानसेन मागं राहिला.

"तुला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "त्या शनिवारी. भावासमोर का नाही बोललीस की याला ऐकू येत नाही?"

"मी सात वर्षांपूर्वी काचेमागं बसून दोनदा बोलले होते, सर. हळू आवाजात, तुमचा मान राखून." ती कागदांना पिन मारत होती. "त्यानंतर तीन स्टुडिओंत गेले. तिन्हीकडं माझ्याआधी माझी गोष्ट पोचलेली. तुमच्या घड्याळाच्या गोष्टीसारखीच, सगळ्यांना पाठ. चौथ्या ठिकाणी गेले नाही. कान माझे अजून चांगले आहेत, पण ते आता दुकानात वापरते."

"मी स्टुडिओच्या मालकांना पत्र लिहीन. सगळं लिहीन."

"लिहा," ती म्हणाली. म्हणण्यात ना विश्वास होता ना अविश्वास. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. ती तिकडं गेली.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं की मला नीट ऐकू येत नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"आठ-नऊ वर्षं. मशीन थांबलं की मी उठते ना, तेव्हापासून. फोन मीच का घेते, दाराशी मीच का जाते, तुम्हाला कधी प्रश्न पडला नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं घडी घातलेला शर्ट बाजूला ठेवला आणि त्याच्याकडं तोंड करून, त्याला ओठ दिसतील अशी बसली. त्याच्या लक्षात आलं की ती बरीच वर्षं अशीच बसत आली होती. "ती पेन्सिल," ती म्हणाली. "तिला काढलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवताना मला सगळं सांगितलंत. हसत सांगितलंत. तुम्हाला सांगणाऱ्याचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. मला या घरातच राहायचं होतं."

तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. तिनं उरलेल्या घड्या घातल्या.

पत्र लिहायला त्याला नऊ दिवस लागले. जुना मालक अजून स्टुडिओ चालवत होता. कानसेननं वयाचा उल्लेख केला, कामाचा ताण लिहिला, त्या काळात आपली श्रवणशक्ती थोडी क्षीण झाली असावी असं लिहिलं. 'त्यामुळे सदर सहायिकेबाबत माझ्याकडून गैरसमजातून काही विधान झाले, त्याचा तिला त्रास झाला असल्यास मला खेद वाटतो.' वाचून त्याला हलकं वाटलं. पत्र रवाना करून त्याची एक प्रत घेऊन तो दुकानात गेला.

ती कुणा नवरा-बायकोला काही समजावत होती. तो अर्धा तास उभा राहिला. मग तिनं येऊन प्रत घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. दोनदा वाचली.

"गैरसमज," ती म्हणाली. "सर, केबिनमध्ये तुमचा काय गैरसमज झाला होता?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुम्हाला माहीत होतं मी हात लावला नव्हता. मिक्सच्या फाइलींचं लॉक तुमच्या पासवर्डचं होतं." तिनं कागदाची घडी पूर्वी होती तशीच घातली आणि त्याला परत दिली. "मला असलं पत्र नको. माझ्यापेक्षा ते तुमच्याच कामाचं आहे."

"दुसरं लिहितो."

"बघा." ती त्या नवरा-बायकोकडं परत गेली.

त्यानं दुसरं लिहायला घेतलं, दोनदा. 'मी खोटं बोललो' हे तीन शब्द पहिल्याच ओळीत यायला हवेत, हे त्याला कळत होतं. पण ते तीन शब्द कागदावर आले की त्यापुढं स्वतःचं नाव लिहिणं त्याला जमेना. पंधरा दिवसांनी मालकाचं उत्तर आलं. चार ओळींचं, फार आपुलकीचं. असं होतंच, मनाला लावून घेऊ नका, तुमच्यासारखा कान पुन्हा होणे नाही, असं त्यात होतं. पेन्सिलबद्दल एक अक्षर नव्हतं. बहुधा तिचं खरं नावही त्याला आठवत नसावं. कानसेननं ते उत्तर कपाटात ठेवलं आणि कोरे कागद परत टेबलाच्या खणात सारले.

धाकट्याच्या घरी ब लागला आणि सगळ्यांची डोकेदुखी थांबली. म्हातारी हल्ली पुढच्या रांगेत बसते. कानसेनला यंत्र मिळालं आहे, कानामागं लावायचं, पण त्यातून पंखा आणि पावलं मोठी ऐकू येतात आणि माणसं तेवढीच लांब राहतात, म्हणून तो ते बहुतेक वेळा खिशात ठेवतो. रविवारी धाकटा न चुकता बोलावतो. तो जातो. त्याच्या खुर्चीकडच्या कडेला बायको बसते आणि मधून मधून, पडद्याकडं न बघता, त्याच्याकडं तोंड करून कोण काय बोललं ते सांगते. परवा तिनं ते सांगितलं नाही. दोन तास ती समोर बघत हसत होती, डोळे पुसत होती. तिलाही सिनेमा बघायचा होता. कोण काय बोललं ते विचारायला त्यानं तिच्या कोपराला हात लावला नाही.